मनगटावरचा व्हॅनिला

व्हॅनिलाचे परफ्यूम मनगटावर फवारले की पहिल्या क्षणी व्हॅनिला सहसा जाणवतच नाही. आधी अल्कोहोलचा झणका येतो, मग संत्र्या-लिंबाच्या सालीसारखा तरतरीत वास, त्यामागून एखादे फूल. हे सगळे ओसरू लागल्यावर, वीस-पंचवीस मिनिटांनी, खालून काहीतरी उबदार आणि गोडसर वर येऊ लागते. दुकानात कागदी पट्टी हुंगून लगेच पसंती ठरवणाऱ्याला म्हणूनच व्हॅनिला भेटत नाही. त्याच्या नाकाला भेटते ते व्हॅनिलाच्या आधीचे. हा वास मागून का येतो आणि आल्यावर इतका वेळ का थांबतो, याचे उत्तर शेंगेत आणि त्या शेंगेतल्या एका रेणूत आहे.

बहुतेक मराठी घरांत व्हॅनिलाची ओळख आइस्क्रीम, कस्टर्ड आणि केकमध्ये घालायच्या इसेन्सच्या इवल्या बाटलीतून झालेली असते. मराठी गोडधोडाचा स्वतःचा वास वेलदोड्याचा, जायफळाचा, केशराचा. व्हॅनिला त्यात उशिरा आणि बाहेरून आला. इसेन्सच्या बाटलीने या वासाची एक एकसुरी, निव्वळ गोड अशी प्रतिमा मनात बसवून ठेवली आहे. खरी शेंग इतकी सरळ नाही. नीट मुरलेली शेंग चिमटीत धरली तर ती मऊ, चिवट आणि तेलकट लागते, खारकेपेक्षा ओलसर. सुरीच्या टोकाने उभी चिरली की आत खसखशीहूनही बारीक काळ्या दाण्यांचा लगदा दिसतो. त्याला गोड वास असतोच, पण त्याच वासात धूर आहे, थोडे चामडे आहे, काळ्या मनुका आहेत, रमची झाक आहे आणि तळाशी ओल्या लाकडाचा तुरटपणा आहे. चांगले व्हॅनिलाचे परफ्यूम या शेंगेच्या जवळ जाते. सुमार परफ्यूम इसेन्सच्या बाटलीपाशीच थांबते.

व्हॅनिला ही आमरीच्या, म्हणजे ऑर्किडच्या कुळातली वेल आहे. तिचे मूळ घर मेक्सिको आणि मध्य अमेरिका. मेक्सिकोच्या व्हेराक्रूझ प्रांतातील टोटोनाक लोक तिची जोपासना करत आणि अझ्टेक दरबारात कोकोच्या पेयात तिची शेंग पडत असे. सोळाव्या शतकात स्पॅनिशांनी ती युरोपात नेली. 'व्हॅनिला' हे नावही स्पॅनिशच, आणि त्याचा अर्थ साधासुधा आहे: छोटी शेंग. वेल दुसऱ्या उष्ण प्रदेशांत रुजली, फुलली, पण शेंगा धरेनात, कारण फुलातले परागकण आणि स्त्रीकेसर यांच्यामध्ये एक नाजूक पडदा असतो आणि तो ओलांडून परागीभवन घडवणारे कीटक नव्या भूमीत नव्हते. 1836 मध्ये बेल्जियममधील लिएज येथे चार्ल्स मोरेन या वनस्पतिशास्त्रज्ञाने कृत्रिम परागीभवन करून दाखवले, मात्र ती रीत मळ्यात चालण्याजोगी नव्हती. चालणारी रीत सापडली 1841 मध्ये, हिंदी महासागरातल्या रेयुनियन बेटावर. ती शोधणारा एडमंड आल्बियस तेव्हा बारा वर्षांचा गुलाम मुलगा होता. बारीक काडीने तो पडदा उचलायचा आणि अंगठ्याच्या दाबाने पराग पलीकडे टेकवायचे, एवढीच ती कृती. आजही जगभरातले मळे याच कृतीवर चालतात. फूल सकाळी उमलते आणि दुपारपर्यंत मलूल होते. तेवढ्या वेळात प्रत्येक फुलापर्यंत माणसाचा हात पोहोचावा लागतो. ज्याच्या हातामुळे हा व्यापार उभा राहिला तो एडमंड 1880 मध्ये गरिबीतच वारला, हे या सुगंधाबद्दल लिहिताना वगळता येत नाही.

वेलीवरच्या हिरव्या शेंगेला व्हॅनिलाचा वास नसतो. आठ-नऊ महिन्यांनी शेंग तयार होते, तरी ती हुंगली तर हिरव्या भाजीसारखाच वास येतो. वास तयार होतो तो पुढच्या मुरवणीत. मादागास्करच्या ईशान्य भागात, जिथे जगातला सर्वाधिक व्हॅनिला पिकतो, शेंगा आधी साधारण 60 ते 65 अंश सेल्सिअसच्या पाण्यात काही मिनिटे बुडवतात. त्याने शेंगेची वाढ थांबते आणि आतल्या पेशी फुटतात. मग गरम शेंगा जाड घोंगड्यांत गुंडाळून बंद पेटीत ठेवतात. तिथे त्यांना घाम फुटतो आणि त्या तपकिरी पडतात. पुढे कित्येक दिवस रोज थोडा वेळ ऊन दाखवायचे आणि पुन्हा गुंडाळून ठेवायचे. त्यानंतर सावलीत वाळवण, आणि शेवटी लाकडी पेट्यांमध्ये काही महिने विश्रांती. पाच-सहा किलो हिरव्या शेंगांची अशी एक किलो तयार शेंग होते. हिरव्या शेंगेत सुगंधाचा मुख्य रेणू, व्हॅनिलिन, साखरेच्या रेणूला बांधलेला असतो आणि बांधलेल्या अवस्थेत त्याला गंध नसतो. पेशी फुटल्या की शेंगेतलेच एक विकर ही गाठ सोडवते आणि व्हॅनिलिन मोकळे होते. उत्तम शेंगेत ते इतके असते की कालांतराने तिच्या सालीवर पांढऱ्या सुयांसारखे स्फटिक उमटतात, जणू काळ्या शेंगेवर दव गोठले आहे.

तरीही तयार शेंगेत व्हॅनिलिनचे प्रमाण सुमारे 2 टक्केच असते. बाकी सुगंधात दोनशेहून अधिक रेणूंचा वाटा आहे. त्यांतल्या ग्वायकॉलमुळे धुरकट छटा येते, काही आम्लांमुळे सुक्या फळांची आंबटगोड झाक येते. जातीनुसारही फरक पडतो. ताहितीची शेंग बडीशेपेकडे आणि फुलांकडे झुकते; मादागास्कर आणि रेयुनियनची शेंग, जिला बाजारात 'बूर्बों' म्हणतात, अधिक भरदार आणि मखमली असते.

व्हॅनिलिन हा रेणू 1858 मध्ये निकोला-तेओदोर गोब्ले या फ्रेंच रसायनज्ञाने शेंगेतून वेगळा काढला. 1874 मध्ये फेर्डिनांड टीमन आणि विल्हेल्म हारमान या जर्मन रसायनज्ञांनी तो सूचिपर्णी झाडांच्या रसातील एका घटकापासून तयार केला. पुढे तो लवंगेच्या तेलातल्या युजेनॉलपासून निघाला, कागद गिरण्यांच्या टाकाऊ द्रवातून निघाला. आज तो प्रामुख्याने खनिज तेलापासून मिळणाऱ्या ग्वायकॉलपासून बनतो, आणि तांदळाच्या कोंड्यातील फेरुलिक आम्लापासूनही बनवला जातो. कागदाशी असलेले त्याचे नाते सामान्य वाचकालाही पडताळून पाहता येते. लाकडातले लिग्निन हळूहळू विघटित होताना थोडे व्हॅनिलिन सुटते. जुने पुस्तक उघडल्यावर पिवळ्या पानांतून जो किंचित गोडसर वास येतो, त्यात याचा हात असतो. जगात वापरल्या जाणाऱ्या एकूण व्हॅनिलिनपैकी शेंगेतून आलेले एक टक्काही नाही. हे ऐकून नाक मुरडण्याचे कारण नाही. प्रयोगशाळेतले व्हॅनिलिन आणि शेंगेतले व्हॅनिलिन हा एकच रेणू आहे. फरक आहे तो सोबतच्या दोनशे रेणूंचा: त्यांच्याविना वास स्वच्छ, गोड आणि सपाट येतो.

परफ्यूम घडवणाऱ्यांनी या स्वच्छपणाचा फायदाच करून घेतला. गेर्लँ घराण्याच्या 1889 च्या 'जिकी'मध्ये लॅव्हेंडरखाली व्हॅनिलिन आले आणि संश्लेषित घटक वापरणाऱ्या पहिल्या परफ्यूमांपैकी एक म्हणून ते इतिहासात गेले. त्याच घराण्यातल्या जाक गेर्लँ यांचे 'शालिमार' 1925 मध्ये पॅरिसच्या सजावट-कलांच्या प्रदर्शनात लोकांसमोर आले. शाहजहान-मुमताज यांची कथा आणि शालिमार बागेचे नाव त्याला दिले गेले, पण त्याचा आत्मा हिंदुस्थानी नाही. तो एथिल व्हॅनिलिनचा आहे. व्हॅनिलिनचा हा प्रयोगशाळेत जन्मलेला भाऊ निसर्गातल्या शेंगेत नसतो आणि त्याचा वास दुप्पट-तिपटीने जोरकस असतो. 1992 मध्ये थिएरी म्युग्लरच्या 'एंजल'ने आणखी एक वळण घेतले. त्यात जळत्या साखरेसारखा वास असलेला एथिल माल्टॉल आणि मातकट पाचोळी एकत्र आले, आणि खाद्यपदार्थांसारख्या वासाच्या परफ्यूमांची एक शाखाच सुरू झाली. आज दुकानांत जे 'व्हॅनिला' म्हणून विकले जाते त्यातला मोठा भाग या शाखेचा आहे: कॅरॅमल, कॉफी, बदाम, चॉकोलेट.

एकट्या व्हॅनिलाचे परफ्यूम असे जवळपास नसतेच. बाटलीवर काही लिहिलेले असो, आत सोबती असतात. टोंका या दक्षिण अमेरिकी बीमधले कूमरिन वाळल्या गवताची आणि बदामाची छटा देते. चंदन वासाला दुधाळ करते. वाळा किंवा पाचोळी त्याला जमिनीवर आणते. आणि एक सोबती मराठी घराला चांगला ओळखीचा आहे: ऊद. तिन्हीसांजेला निखाऱ्यावर टाकला जाणारा ऊद म्हणजे आग्नेय आशियातल्या स्टायरॅक्स झाडांचा डिंक, इंग्रजीतले बेंझोइन. त्याच्यात थोडे व्हॅनिलिन नैसर्गिकरीत्याच असते, म्हणून त्याच्या धुरात गोडवा असतो. इथे एक घोटाळा टाळायला हवा. परफ्यूमच्या दुनियेत 'ऊद' म्हणतात ते अगरूच्या लाकडाला. तो वास वेगळा, अधिक उग्र आणि प्राणिज. देवघरातल्या उदाचा भाऊबंद शोधायचा असेल तर तो अरबी ऊदाच्या बाटलीपेक्षा व्हॅनिलाच्या बाटलीत सापडण्याची शक्यता जास्त.

आता त्वचेवर काय घडते ते पाहू. परफ्यूम म्हणजे वेगवेगळ्या वेगाने उडून जाणाऱ्या रेणूंचे मिश्रण. लिंबू-संत्र्याच्या सालीतले लिमोनीन सुमारे 176 अंशांना उकळते, व्हॅनिलिन सुमारे 285 अंशांना. गंमत अशी की दोघांच्या रेणूंचे वजन फारसे वेगळे नाही: लिमोनीन 136, व्हॅनिलिन 152. फरक रेणूच्या घडणीत आहे. व्हॅनिलिनच्या अंगावर ऑक्सिजन असलेले गट आहेत. त्यांच्या आधाराने हे रेणू एकमेकांना आणि आसपासच्या ओलाव्याला धरून राहतात. लिमोनीनला असे धरायला काहीच नाही, ते सुटते आणि जाते. सामान्य तापमानाला लिमोनीन पातळ द्रव असते, तर व्हॅनिलिन पांढरी पूड, जी वितळायलाही 80 अंशांच्या वर जावे लागते. फवाऱ्यातला अल्कोहोल उडून गेला की त्वचेवर राहतो तो एक अतिशय पातळ थर, आणि या थरात व्हॅनिलिन सर्वांत शेवटपर्यंत बसून राहते.

'शालिमार' मनगटावर घेतले तर हा क्रम स्पष्ट उलगडतो. पहिली दहा-पंधरा मिनिटे बर्गमॉटची, म्हणजे अर्ल ग्रे चहाला ज्याचा वास असतो त्या लिंबूवर्गीय फळाची. हा भाग झगझगीत, जवळपास तिखट असतो आणि ज्याला गोड वासाची अपेक्षा आहे तो इथे गोंधळतो. मग जाई आणि गुलाबाचा एक धूसर पट्टा येतो. त्याबरोबर आयरिसच्या कंदाची पावडरसारखी कोरडी छटा. व्हॅनिला या वेळेपर्यंत खाली असतो, पण वरच्या फुलांना गोलाई देत असतो. साधारण तासाभराने चित्र पालटते. धुरकट, चामड्यासारखा एक पदर आणि डिंकांचा गोडवा पुढे येतो, आणि मग तास-दीड तासाने व्हॅनिला उघड होतो: कोरडा, धुराने काळवंडलेला, सायीसारखा दाट, पण केकसारखा अजिबात नाही. चार-पाच तासांनंतर तो खोलीत दरवळत नाही. मनगट नाकाशी नेले तरच कळतो, आणि त्वचेचाच वास असावा इतका अंगाशी मिसळलेला असतो. या टप्प्यासाठीच व्हॅनिला वापरणारे व्हॅनिला वापरतात.

दरवळ आणि टिकाऊपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्या एकच समजल्याने बरीच निराशा होते. जो रेणू हळू उडतो तो जास्त वेळ टिकतो, पण दर मिनिटाला हवेत थोडाच जातो. म्हणून टिकाऊ व्हॅनिला पुष्कळदा लाजरा असतो. दूरवर पोहोचणारा वास हवा असेल तर परफ्यूम करणारे एथिल व्हॅनिलिन आणि एथिल माल्टॉलचा जोर वाढवतात. असा वास लिफ्टमध्ये माणूस उतरून गेल्यावरही मागे राहतो. काहींना ते आवडते, शेजारच्यांना नेहमीच आवडते असे नाही. सुगंधी द्रव्याचे प्रमाणही महत्त्वाचे. 'ओ द त्वालेत'मध्ये ते ढोबळमानाने 5 ते 15 टक्के, 'ओ द परफ्यूम'मध्ये 15 ते 20 टक्के आणि 'एक्स्त्रे'मध्ये त्याहून जास्त असते. व्हॅनिलासारख्या तळाच्या वासासाठी घट्ट प्रकार अधिक शोभतो: त्यात वरचा लिंबाचा झगमगाट कमी आणि खालचा थर जाड असतो.

अत्तराची गोष्ट निराळी. कनौजच्या देग-भपक्यात, म्हणजे अत्तर गाळण्याच्या पारंपरिक भांड्यांत, गुलाब, केवडा, मोगरा यांचे अर्क वाफेबरोबर निघून चंदनाच्या तेलात मुरतात. व्हॅनिलिन वाफेबरोबर सहजासहजी निघत नाही. शेंगेचा अर्क द्रावकानेच काढावा लागतो. त्यामुळे परंपरागत अत्तरांत व्हॅनिला नव्हता, आणि अत्तरवाल्याकडे आज मिळणारे 'व्हॅनिला अत्तर' बहुधा संश्लेषित घटकांचे मिश्रण असते. तरी तेलातल्या मिश्रणाचा एक गुण खरा आहे. त्यात अल्कोहोलचा पहिला झणका नसतो. वास सुरुवातीपासूनच शांत आणि अंगालगत राहतो. हळदीकुंकवाला हाताच्या पालथ्या बाजूला लावलेले अत्तर किंवा कानात ठेवलेला फाया हा दुसऱ्याला दुरून जाणवावा म्हणून नसतो, जवळ येणाऱ्याला कळावा म्हणून असतो. व्हॅनिलाला ही रीत मानवते.

एकच परफ्यूम दोघांच्या अंगावर वेगळे का वाटते, यामागची साधी कारणे पुष्कळ आहेत. त्वचेचे तापमान साधारण 32 ते 34 अंश असते, पण मान, मनगट, कोपराचा आतला भाग इथे ते जरा जास्त, म्हणून तिथून वास लवकर उठतो. तेलकट त्वचेवरचा स्निग्ध थर सुगंधी रेणूंना धरून ठेवतो. कोरड्या त्वचेवर ते लवकर नाहीसे होतात. आंघोळीनंतर बिनवासाचे मॉइश्चरायझर किंवा थोडे खोबरेल लावून वर फवारा मारला तर व्हॅनिला तास-दोन तास जास्त रेंगाळू शकतो. खोबरेल मात्र स्वतःचा वास मिसळते, आणि नारळ-व्हॅनिला हे मिश्रण कुणाला मिठाईसारखे वाटेल. दोन्ही मनगटे एकमेकांवर घासण्याची सवय अनेकांना असते. घासल्याने रेणू 'मोडतात' हा समज चुकीचा आहे; घासल्याने ऊब वाढते आणि वरचे हलके वास घाईने उडून जातात, एवढेच.

हवेचाही मोठा वाटा आहे. उष्ण हवेत दर मिनिटाला जास्त रेणू उडतात, त्यामुळे गोड वास दाटून येतो. मे महिन्यातल्या मुंबईच्या लोकलमध्ये तीन-चार फवारे मारलेला साखरी व्हॅनिला गुदमरवू शकतो, आणि तोच डिसेंबरातल्या महाबळेश्वरी शालीवर हवाहवासा वाटतो. उन्हाळ्यात वापरायचा असेल तर लिंबूवर्गीय, वाळा किंवा चंदन सोबत असलेला कोरडा व्हॅनिला घ्यावा आणि एकाच फवाऱ्यावर थांबावे.

लावणाऱ्याला स्वतःला मात्र अर्ध्या-पाऊण तासात काही येईनासे होते. परफ्यूम उडालेले नसते. नाक त्याला सरावलेले असते. सतत येणारा वास मेंदू बाजूला सारतो, जसा घरातल्या पंख्याचा आवाज. व्हॅनिलिनच्या बाबतीत हे लवकर ध्यानात येते, कारण ते नाकाला झोंबत नाही. पुदिना, अमोनिया, कांदा हे वासाबरोबर टोचतातही, म्हणजे चेहऱ्याची दुसरीच एक नस जागी करतात; व्हॅनिलिन ते जवळपास करत नाही. म्हणूनच वासाचे ज्ञान तपासणाऱ्या संशोधकांना ते सोयीचे वाटते. आवडीच्या बाबतीतही त्याचे स्थान वेगळे आहे. 2022 मध्ये 'करंट बायॉलॉजी'त प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात न्यूयॉर्कच्या रहिवाशांपासून शिकार करून जगणाऱ्या लोकांपर्यंत दहा समाजांतल्या दोनशेहून अधिक व्यक्तींना तेच वास हुंगायला दिले गेले. सगळ्यांत आवडता ठरला व्हॅनिलिन. ज्या समाजांत आइस्क्रीम नाही तिथेही तो पसंत पडला, म्हणजे ही आवड निव्वळ बालपणीच्या खाऊची नाही.

राहता राहिला कपड्यांचा प्रश्न. कापडाला त्वचेची ऊब नसते, त्यामुळे तिथे व्हॅनिला हळू उडतो आणि लोकरीच्या स्वेटरवर किंवा शालीवर कित्येक दिवस राहतो. पण व्हॅनिलिन प्रकाशात आणि हवेत हळूहळू तपकिरी पडते. या घटकाचे प्रमाण जास्त असलेले परफ्यूम बाटलीतही वर्षागणिक गडद होत जाते. पांढऱ्या सुती सदऱ्यावर किंवा फिकट रेशमी साडीवर त्याचा पिवळट डाग पडू शकतो आणि तो धुतल्यावरही पूर्ण जाईलच असे नाही. फवारा आधी अंगावर मारावा, तो वाळू द्यावा, आणि मग कपडे घालावेत. बाटली खिडकीत किंवा न्हाणीघरात न ठेवता खोक्यासकट कपाटात ठेवावी. गडद झालेला रंग हा परफ्यूम बिघडल्याचा पुरावा नसतो. व्हॅनिलाच्या बाबतीत बऱ्याचदा वरचा लिंबाचा वास तेवढा विटलेला असतो, आणि खालचा तळ शाबूत, कधीकधी अधिक मुरलेलाही, असतो. शंका असेल तर मनगटावर एक फवारा मारून तासभर थांबावे आणि मगच हुंगून पाहावे.